भाडेकरूने ईएलसीबी बायपास केली, फायर सिलिंडर खराब केला, तर घरमालकाने काय करायचं

उन्हाळा लागला की सोलापुरात भाड्याच्या घरांत एक तक्रार ठरलेली, ईएलसीबी (करंट कुठे गळला की लाइट तोडणारा बोर्डातला स्विच) सारखी पडतेय. कूलर लावला की पडते, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून मोटार जोडली की पडते, मग भाडेकरू कंटाळून कुणालातरी बोलावून ईएलसीबी टाळून वायर डायरेक्ट करून घेतो, म्हणजे बायपास, आणि मालकाला हे कळतं ते घर सोडताना. एमसीबी आहे ना मग काय होतंय असं बरेच जण म्हणतात, पण एमसीबी जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडून वायरिंग वाचवते, माणसाला शॉक लागला तर ती पडेलच असं नाही, त्यासाठी 30 मिलीअँपची ईएलसीबी (आता दुकानात आरसीसीबी म्हणून मिळते) लागते. पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी आणि अनवाणी पोरगं, एवढं डोळ्यासमोर आणा म्हणजे हे किती गंभीर आहे कळेल.

बायपास केलंय की नाही हे ओळखायला बोर्ड उघडायची गरज नाही. घरातला इन्व्हर्टरवर नसलेला एक फॅन चालू ठेवा आणि ईएलसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबा. खटका पडला आणि फॅन बंद झाला तर ठीक. खटका पडला पण फॅन फिरतोच आहे, म्हणजे बाहेरून वायर टाकलीय. खटका पडलाच नाही तर ती खराब आहे किंवा जोडणीत गडबड आहे, दोन्हीत वायरमन पाहिजेच, स्वतः हात घालू नका.

आता सापडलं की पहिल्यांदा भांडण नको. आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, तारीख दिसेल असा, मग लगेच दुरुस्ती, पैशाचं नंतर. कारण हिशोब होईपर्यंत थांबलात आणि मधे काही झालं तर डिपॉझिट कापून काय उपयोग. मेसेज असा साधा टाका:

"दादा, आज बोर्ड बघितला, ईएलसीबीला बाहेरून वायर टाकलेली आहे, फोटो पाठवतोय. उद्या सकाळी वायरमन घेऊन येतो, कूलर आणि मोटार पण तपासून घेऊ. तोपर्यंत दोन्ही लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. खर्चाचं बिल बघून बोलू."

वायरमन आला की नुसती वायर काढून पाठवू नका, ती पडत का होती ते शोधायला लावा. सगळे प्लग काढायचे आणि एकेक लावत जायचं, बहुतेक वेळा कूलरचा पंप, गिझर नाहीतर ओली झालेली मोटार यातलं एक सापडतं. इन्व्हर्टर असेल तर त्याची आणि मेन लाइनची न्यूट्रल (परतीची) वायर मिक्स झालीय का तेही बघायला सांगा, त्यानेही पडते. हे कारण काढलं नाही तर भाडेकरू आठ दिवसांत परत डायरेक्ट करणार, माझं तर मत आहे की निम्मी जबाबदारी तिथं मालकाचीच आहे, तक्रार आली तेव्हा वायरमन पाठवला असता तर ही वेळ आली नसती.

पैसे कोणाकडून घ्यायचे? ईएलसीबी जुनी होऊन मेली असेल तर मालकाने बदलायची. मुद्दाम बायपास केली, आग विझवायच्या सिलिंडरचा पाइप तोडला, पोरांनी खेळताना पिन काढून पावडर उडवली, तर खर्च भाडेकरूचा, बिलाची कॉपी देऊन. पण दहा वर्षं जुन्या वस्तूचे नव्याचे पूर्ण पैसे लावू नका, ते बरोबर नाही. आणि खरंच गॅसपाशी आग लागली म्हणून सिलिंडर वापरला असेल तर एक रुपया मागू नका, रिफिल स्वतः करून द्या, नाहीतर पुढच्या वेळी माणूस पैशाच्या भीतीने हात आखडेल. थोडीशी पावडर उडाली तरी पूर्ण रिफिलच करायचं, व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकून प्रेशर हळूहळू निघून जातं, मग सिलिंडरवरच्या प्रेशर मीटरचा काटा हिरव्यातून खाली येतो.

दोन गोष्टी अजिबात करू नका. रागाने लाइट-पाणी तोडू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 प्रमाणे तसं करता येत नाही. आणि भाडेकरू नसताना दुसऱ्या चावीने घरात शिरू नका, कलम 28 प्रमाणे आधी कळवून योग्य वेळी पाहणी करायचा हक्क तुम्हाला आहेच. दोनदा सांगूनही ऐकत नसेल तर लेखी नोटीस द्या आणि करारातल्या अटीप्रमाणे घर खाली करायला सांगा. पण त्यासाठी करार रजिस्टर झालेला पाहिजे, कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, नुसत्या स्टॅम्पवर सह्या करून ठेवलेला कागद ऐनवेळी तुम्हालाच अडचणीत आणतो.

ज्यांच्या इमारतीत खाली दुकान किंवा टॉवेलचं युनिट आणि वर राहणारी कुटुंबं आहेत त्यांनी तर हे अजून कडक बघा. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जीव गेले, लहान मूल पण त्यात होतं. जिन्यात ठेवलेले सुताचे गठ्ठे आणि कुलूप लावलेलं गच्चीचं दार, हे पण सेफ्टीचं नुकसानच समजा आणि त्याच दिवशी मोकळं करून घ्या.

नवीन भाडेकरूला चावी देताना करारातल्या सामानाच्या यादीत ईएलसीबी, सिलिंडर, त्याची रिफिलची तारीख सगळं लिहा, टी बटण त्यांच्याच हाताने दाबायला लावा आणि वायरमनचा नंबर बोर्डाच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा, पडली की आधी त्याला फोन करायचा असं सांगून.