रोटोस्कोप: गिरवा, पण बेतानं

रोटोस्कोप म्हणजे खऱ्या हालचालीचा व्हिडिओ फ्रेमगणिक गिरवून अ‍ॅनिमेशन करणं. त्यानं माणसाच्या चालण्याची टेस्ट करायचीय? शिवाजी पार्कात फेरी मारणाऱ्या ओळखीच्या माणसाचा बाजूनं व्हिडिओ काढा, तोही ऊन असताना. अंधारलं की पावलं धूसर येतात. सेकंदाला २४ फ्रेम (सुटी चित्रं) ठेवल्या, तर एकाआड एक घेतली की सेकंदाला १२ चित्रांत भागतं. लाइटबॉक्स (गिरवायला खालून उजेड देणारी पेटी) नसेल तर काचेच्या टीपॉयखाली दिवा ठेवा. कागद मात्र पेगबारवरच (भोकं पाडलेले कागद अडकवायची खुंट्यांची पट्टी) लावा. चिकटपट्टीनं भागवलंत तर सगळं थरथरणार.

अमेरिकन अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशरला रोटोस्कोप यंत्राचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. ‘ही तर नक्कल!’ ही ओरडही जुनीच. माझ्या मते गिरवणं लबाडी नाही, पण आळस असू शकतो. हुबेहूब गिरवलेला माणूस तरंगतो, त्याला वजनच नसतं. म्हणून एका पावलाच्या चारच पोझ गिरवा: टाच टेकते, अंग खाली दबतं, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो, अंग वर उचललं जातं. दबलेल्या पोझमध्ये गुडघा व्हिडिओपेक्षा जास्त वाकवा. मग व्हिडिओ बंद! मधली चित्रं स्वतः काढा. साडी असेल तर निऱ्या पायामागून एखादं चित्र उशिरा येऊ द्या (खरी मजा तिथेच).

शेवटी कागद बोटांत धरून फडफडवा. पाऊल घसरताना दिसलं, तर टेकलेल्या पायाची जागा तपासा.