कॉलेज बास्केटबॉल संपल्यावर कोच आणि मग कॉमेंटेटर कसं व्हायचं
अमेरिकेत कॉलेजला खेळताय पण एनबीएचं (तिथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचं) काही जमणार नाही असं दिसतंय, तर शेवटच्या सीझनलाच आपल्या कोचला सांगून ठेवा की मला ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम करणारा) म्हणून घ्या, पैसे फार नसतात पण सोबत मास्टर्स होतं आणि रात्री जागून समोरच्या टीमचे व्हिडिओ बघत बसलं की खेळ खरा तिथे कळतो. कॉमेंटेटर जे बिलास बघा ना, ड्यूक युनिव्हर्सिटीकडून खेळला, नंतर तिथेच असिस्टंट कोच, वर लॉ पण केलं (हे जरा अतीच!) आणि मग ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनेलवर. माईक हवा असेल तर आधी कॉलेजच्या रेडिओवर बोलायला लागा. टीव्हीवर स्कोअर लोकांना दिसतोच, तुम्ही डिफेन्स का तुटला ते सांगा, तेही पुढचा पास व्हायच्या आत.