बारीक भोकाचं माप आणि रॅचेटची गडबड

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ६ मिमी एच७ ची रीम केलेली (रीमर या कटरने नेमक्या मापाला आणलेली) भोकं मोजताना कायम वाद. एच७ ही भोकाच्या मापातल्या मुभेची श्रेणी; ६ मिमीला म्हणजे ६.००० ते ६.०१२ मिमी, जेमतेम १२ मायक्रॉनची (मिमीच्या हजाराव्या भागांची) मुभा. प्लग गेजचं (भोक तपासायच्या ठरावीक मापाच्या दांड्याचं) गो टोक, म्हणजे भोक लहान नसेल तर आत जाणारं टोक, आरामात जायचं, पण स्मॉल होल गेजने (भोकात फुगवून टेकवायचा, मग बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायचा गेज) माप ५.९९ यायचं. म्हणजे भोक ठीक होतं, खोट मोजण्यात होती. (व्हर्निअरचं नाव काढू नका, त्याच्या आतल्या जबड्यांच्या चपट्या कडा बारीक भोकात माप कमीच दाखवतात.)

कारण निघालं मायक्रोमीटरचा रॅचेट, म्हणजे ठरावीक दाब आला की कटकट करत घसरणारी टोकाची मूठ. गेजचा गोळा मधून चिरलेला, स्प्रिंगसारखा. रॅचेट कटकट वाजेपर्यंत फिरवला की दोन्ही भाग दाबले जातात. आता रॅचेट सोडून थिंबल (मायक्रोमीटरची फिरती नळी) बोटांनीच फिरवतो. भोकात गेज जितका हलका घासला, तितकाच मायक्रोमीटरमध्ये घासू द्यायचा, आणि किंचित डोलवून सगळ्यात मोठं माप धरायचं. आधी ६ मिमीच्या रिंग गेजवर (नेमक्या मापाच्या भोकाच्या कड्यावर) हात बसवून घेतो.

तिकोनी झालेलं भोक मात्र याने पकडता येत नाही, टेकतात दोनच बिंदू. तिथे प्लग गेजच हवा. उथळ ब्लाइंड होलसाठी (आरपार नसलेल्या भोकासाठी) सपाट बुडाचा, अर्ध्या गोळ्याचा गेज घ्या.