लॉगमध्ये प्रत्येक नोंद 'केवर्कर'च्या नावावर: माझा अनुभव

लिनक्सचा एक जुना ड्रायव्हर माझ्याकडे आला. डिव्हाइस कोणत्या प्रोसेसने वापरलं याची तो नोंद ठेवायचा, पण लॉगमध्ये बघावं तर ओळीओळीत 'केवर्कर', म्हणजे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मागे ठेवलेली कामं करणारा थ्रेड. नोंद वर्कक्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) होत होती. 'करंट' म्हणजे आत्ता चालू असलेल्या टास्कचा पॉइंटर, आणि तिथे तो ते काम चालवणारा कर्नल थ्रेडच दाखवतो. एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरां)वर 'करंट' जीएस रजिस्टरमार्फत त्या सीपीयूच्या खास जागेतून वाचतात. आत्ता या सीपीयूवर कोण चालू आहे, एवढंच त्यातून कळतं. काम कोणी सोपवलं, हे नाही.

मग आयओसीटीएलमध्येच, म्हणजे प्रोसेस स्वतः ड्रायव्हरला हाक देते तिथेच, गेट_पिड(टास्क_टीजीआयडी(करंट)) करून प्रोसेसच्या ओळखीचा (पिडचा) संदर्भ धरला, कामाच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवला, नोंद झाल्यावर पुट_पिडने सोडला. टास्कचा नुसता पॉइंटर कृपा करून ठेवू नका! प्रोसेस मधेच संपली तर तो परत केलेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो.

त्याच कोडमध्ये नोंदींच्या यादीचा स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयू न सोडता वाट बघायला लावणारं कुलूप) धरून कॉपी_टू_यूजर, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीत डेटा उतरवणं, चाललं होतं. पेज फॉल्ट आला, म्हणजे मेमरीचं ते पान हाताशी नसलं, तर तिथे झोपावं (सीपीयू सोडून थांबावं) लागू शकतं, आणि स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. आता लॉकखाली नोंदी बफरमध्ये उतरवतो, लॉक सोडतो, मगच कॉपी. कॉन्फिग_डीबग_अॅटॉमिक_स्लीप हा कर्नलचा पर्याय चालू असेल तर कर्नल स्वतःच याचा इशारा देतो.