गरम आमटी, पाण्याचा जार आणि बीपीए

गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे (हॉर्मोनमुळे) वाढतं आणि पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक त्या वाढीला आवर घालतं. हा आवर वर्षानुवर्षं कमी पडला, की अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, हे काही प्लॅस्टिक बनवायला लागणारं रसायन पेशींपाशी इस्ट्रोजेनचं सोंग घेतं. प्लॅस्टिकमधली अशी रसायनं गुपचूप उतरतात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांना इस्ट्रोजेन न घालताही स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढताना दिसल्या. शोध घेतला तर प्रयोगाच्या प्लॅस्टिक नळ्यांतून नोनिलफेनॉल हे इस्ट्रोजेनसारखंच वागणारं रसायन झिरपत होतं! हे १९९१ साली प्रसिद्ध झालं.

आता घरातले डबे उलटे करा. तळाच्या त्रिकोणात ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. त्यात बीपीए नसतं. ३ म्हणजे पीव्हीसी, ते मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात. ७ हा 'इतर'चा गट. ७ असून भांडं काचेसारखं आरपार आणि टणक असेल, तर बहुधा पॉलिकार्बोनेट. तेच आधी काढा.

पॉलिकार्बोनेट बीपीएच्याच साखळीनं बनतं. उष्णता आणि सोडा ही साखळी तोडतात. म्हणून असं भांडं सोड्याच्या पाण्यात उकळणं ही सगळ्यात मोठी चूक. स्वच्छ करायला जावं आणि रसायन सुटावं. पाण्याचे २० लिटरचे बरेच जार पॉलिकार्बोनेटचेच असतात. जार उन्हात ठेवू नका, धुरकट किंवा ओरखडे पडलेला आला तर परत करा, आणि आल्याबरोबर पाणी स्टीलच्या पिंपात नाहीतर माठात ओता.

तर्रीचा रस्सा पीव्हीसीत कधीच नको, थॅलेट तेलात सहज विरघळतं. गरम आमटी स्टीलच्या डब्यात, मायक्रोवेव्हला काच किंवा चिनीमाती.

दुकानाच्या पावतीवर नखानं रेघ ओढा. काळी उमटली तर कागद थर्मल, म्हणजे उष्णतेनं छपाई होणारा आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर मोकळं बीपीए किंवा त्याचा भाऊबंद बीपीएस असू शकतो. सॅनिटायझर लावलेल्या हातानं ती धरू नका, त्वचेतून जास्त शिरतं. 'बीपीए-मुक्त' छापलेल्या वस्तूतही बीपीएस असू शकतं, तेही इस्ट्रोजेनसारखंच वागतं.

पोटात गेलेलं बीपीए बहुतेक एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. रोज नवं आत जाणं थांबवलं, की पातळी लगेच उतरते. गरोदर बाई घरात असेल तर हे काम आजच करा.