फ्रंट लोड वॉशिंग मशीनला कुबट वास येतोय? आधी रबर पाहा

मशीनच्या दाराभोवतीच्या रबराची घडी बोटाने उलटून पाहा. साचलेलं पाणी, केस, धागे, काळी बुरशी... वासाचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं. शेवटचे कपडे काढले की ही घडी कोरड्या फडक्याने पुसा आणि दार किलकिलं ठेवा (घरात लहान मूल असेल तर नीट लक्ष ठेवून). डिटर्जंट मोजूनच घाला. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. उरलेला साबण ड्रमच्या मागे चिकटतो आणि त्यावरच जंतू पोसतात. महिन्यातून एकदा रिकामं मशीन 60 अंशांवर चालवा. खालचा फिल्टरही साफ करा, पण पाणी गार झाल्यावरच. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र वापरू नका, विषारी वायू तयार होतो.