पुण्यात नाटक-गाणं-चित्रं बघायची असतील तर… विंगेतल्या माणसाचं ऐका

"कार्यक्रम होऊन गेल्यावर कळतं हो, आधी कळतच नाही." पुण्यात नव्याने आलेल्यांची, आणि खरं सांगायचं तर इथेच जन्मलेल्यांचीही, ही तक्रार मी कायम ऐकतो. मी नाटकांची प्रकाशयोजना चालवतो. डिझाइन दुसऱ्याचं, बोर्डावर बोटं माझी. प्रयोगभर विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, बसलेला असतो, त्यामुळे नाटक मला निम्मंच दिसतं, पण प्रेक्षक मात्र चांगला दिसतो. कोण वेळेवर येतं, कोण वैतागून येतं आणि कोणाला चुकीच्या खुर्चीमुळे मान वाकडी करून बसावं लागतं, हे सगळं तिथून कळतं.

माझा सल्ला असा की कार्यक्रमांच्या मागे धावू नका, वास्तू धरा. मोबाइलवर "या आठवड्यात काय" असं शोधलंत की बड्या प्रायोजकांचे कार्यक्रम वर येतात आणि बाकीचं शहर खाली राहतं. त्यापेक्षा चार-पाच जागा ठरवा आणि महिन्यातून एकदा त्यांच्या दारावरून जा. बाहेरचे फलक वाचा, तिकीट खिडकीशेजारी चिकटवलेले कागद वाचा. छोट्या संस्थेचा, पैसे नसलेल्या ग्रुपचा कार्यक्रम अनेकदा फक्त तिथेच कळतो.

पहिली जागा अर्थात बालगंधर्व रंगमंदिर. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी आणि १९६८ साली उद्घाटन. जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाजवळ. आता तर उद्यानाच्या नावाचं मेट्रो स्टेशनच आहे, त्यामुळे पार्किंगच्या नावाने गळा काढायचं कारण उरलेलं नाही. मग कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक मंदिर, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. पिंपरी-चिंचवडकडे राहणाऱ्यांना चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह जवळ.

व्यावसायिक नाटकांच्या वेळा पाठ करून ठेवा: दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, पण साचा हाच. मुंबईची नाटक कंपनी शनिवार-रविवारी पुण्यात उतरली की बहुधा एकाच फेरीत दोन-तीन प्रयोग उरकते. म्हणून बालगंधर्वला "हाऊसफुल्ल"ची पाटी दिसली तर हिरमुसून घरी जाऊ नका. तोच संच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोथरूडला नाहीतर चिंचवडला आहे का ते आधी बघा. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत पुढचे सगळे प्रयोग एकाखाली एक दिलेले असतात. ती दोन इंचाची जाहिरात नीट वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं.

कुठल्या वेळेचा प्रयोग चांगला? माझं मत लोकांना पटत नाही, पण मी दुपारचा सांगेन. साडेबाराच्या प्रयोगाआधी, सकाळी सभागृहात दुसरं काही नसेल तर, आम्हाला सेट लावायला आणि दिवे फोकस करायला सवड मिळते. साडेपाचच्या प्रयोगाचं गणित वेगळं. आधीचं नाटक तीन-सव्वातीनला सुटणार, त्यांचा सेट उतरून टेम्पोत जाणार, मग आमचा टेम्पो लागणार. तेवढ्यात भिंती उभ्या करायच्या, दारं नीट लागतात का बघायचं, शिडी फिरवून एकेक दिवा वळवायचा आणि नटांना त्यांच्या जागांवर उभं करून उजेड तोंडावर पडतोय की छातीवर ते तपासायचं. हे शेवटचंच बऱ्याचदा राहून जातं. मग पहिल्या अंकात नायिका नेमकी अंधाऱ्या पट्ट्यात उभी राहून बोलते आणि मी इकडे शेजारचा दिवा हळूच चढवत बसतो. रात्रीच्या प्रयोगाला मात्र हसरा प्रेक्षक येतो. विनोदी नाटक असेल तर रात्रीचं बघा, फक्त परतताना मेट्रो मिळणार नाही हे धरून चाला.

आणि शुभारंभाच्या प्रयोगाला जायची घाई करू नका. तिथे फुलं असतात, पाहुणे असतात, फोटो असतात. नाटक मुरतं ते पंधरा-वीस प्रयोगांनंतर. तोवर नटांना प्रेक्षक कुठे हसतो ते कळलेलं असतं आणि आम्हालाही काळोख कुठल्या श्वासावर करायचा ते. जाहिरातीत प्रयोग क्रमांक छापलेला असतो, तो बघा.

तिकीट कुठून काढायचं? बुकमायशोवर मिळतं, खुशाल काढा. पण खिडकीवर जायला जमत असेल तर जाच. खिडकी साधारण सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, दुपारी बंद. नाटकाची विक्री प्रयोगाच्या थोडेच दिवस आधी सुरू होते. खिडकीतल्या माणसापुढे खुर्च्यांचा प्लॅन असतो. "मधलं काय आहे?" एवढंच विचारा, तो पेन्सिलीने दाखवतो. फोनवरून राखून ठेवलेली आणि कोणी न उचललेली तिकिटं प्रयोगाच्या अर्धा-पाऊण तास आधी सुटतात. एकट्याने जाणाऱ्याला अशा वेळी मधोमध जागा मिळून जाते. दराचं म्हणाल तर पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. बहुधा त्यामुळेच पुढच्या रांगांचा आकडा बऱ्याचदा ५०० वर येऊन थांबतो.

आता खुर्चीचं. महागडी म्हणजे चांगली, असं नाही. पहिल्या दोन रांगांतून नटांची हनुवटी दिसते आणि पाय दिसत नाहीत. रंगमंच उंच आहे, तुम्ही खाली आहात. सहावी ते दहावी रांग, शक्यतो मधला भाग, ही माझी पसंती. अगदी कडेची खुर्ची टाळा. दिवाणखान्याचा सेट असेल तर त्या बाजूची भिंत तुमच्या आड येते आणि समोरच्या विंगेत उभा असलेला, आपल्या एंट्रीची वाट बघत घोटभर पाणी पिणारा नट दिसतो. त्याने रसभंग होतो. बजेट कमी असेल तर बाजूच्या खुर्चीपेक्षा बाल्कनीची पहिली रांग घ्या. संपूर्ण रंगमंच एका नजरेत येतो, आणि माझ्या कामाला दाद द्यायची असेल तर तिथूनच देता येते.

तिसऱ्या घंटेआधी, म्हणजे नाटक सुरू व्हायच्या आधी, बसा. मोबाइल बंद करा म्हणजे खरोखर बंद करा. आवाज घालवून मांडीवर ठेवलेला फोन उजळला की विंगेतून एक निळा चेहरा तरंगताना दिसतो, आणि मला दिसतो तर नटालाही दिसतोच. लहान मूल असेल तर कडेची खुर्ची माफ. रडलं तर पटकन बाहेर नेता येतं.

व्यावसायिक नाटक तुमच्यापर्यंत पोचायला पैसे खर्च करतं. प्रायोगिक नाटकाकडे तुम्हालाच जावं लागतं, आणि या शहराची खरी गंमत तिथे आहे असं मला वाटतं. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचाने वर्षानुवर्षं या नाटकांना छप्पर दिलं. ते चालवणाऱ्या महाराष्ट्र कल्चरल सेंटरचं हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे आणि डॉ. श्रीराम लागूंच्या नावाचा रंग-अवकाशही. एरंडवण्यात 'द बॉक्स' आहे. या जागा लहान. नट तुमच्यापासून हातभर अंतरावर असतो आणि उशिरा आलात तर सगळ्यांसमोरून जावं लागतं. अशा प्रयोगांच्या जाहिराती वर्तमानपत्रात क्वचित येतात. एकदा जा, बाहेर पडताना नंबर द्या, त्यांच्या व्हॉट्सॲप यादीत शिरा. पुढची माहिती आपोआप येत राहते. नाटक आवडलं नाही तरी चालेल. पाच प्रयोगांतला एक लागला तरी वसूल.

कॉलेजची मुलं बघायची असतील तर पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. ऑगस्टच्या सुमाराला भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी लागते. सगळे अंतिम फेरीच्या तिकिटासाठी जीव टाकतात, मी प्राथमिक फेरीला जा म्हणतो. एका संध्याकाळी तीन एकांकिका, बाकावर टेकून ओरडणारी पोरं, "अरे आव्वाज कुणाचा" आणि पडदा वर जाताच एकदम शांतता. तीनपैकी एखादी रडतखडत चालते. पण ज्या नटाला पाच वर्षांनी तुम्ही पाचशे रुपये देऊन बघणार, तो इथे धोतर सावरत उभा असतो. माझं विंगेतलं आयुष्य इथेच सुरू झालं, त्यामुळे मी तटस्थ नाही.

गाण्याचं सांगताना सवाईपासून सुरुवात करावी लागते. पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव डिसेंबरात असतो. पूर्वी रमणबागेच्या मैदानावर रात्र-रात्र चालायचा. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे रात्री जागवणं बंद झालं. अलीकडे तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. पहिल्यांदाच जाणार असाल तर सगळ्या दिवसांचं तिकीट काढू नका. एका दिवसाचं, भारतीय बैठकीचं काढा. पाठीला त्रास असेल तर खुर्ची. शाल हवीच, मांडव असला तरी डिसेंबरची रात्र अंगावर येते. लोक मोठ्या नावाच्या वेळेला म्हणून साडेसातला येतात. तुम्ही दुपारी पहिल्या कलाकारालाच हजर राहा. तरुण गायकाला समोर निम्मा मांडव रिकामा दिसत असतो आणि तो पुण्याला दाखवून द्यायचं म्हणून गातो. शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं झालं की चपला शोधायला उठू नका. खुद्द सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाते आणि मगच महोत्सव संपतो. महोत्सवाच्याच दिवसांत सकाळी गणेशखिंड रस्त्यावरच्या सवाई गंधर्व स्मारकात लघुपट आणि कलाकारांशी गप्पा असतात. तिथे गर्दी नसते.

पण वर्षभराचं गाणं सवाईत नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय, अशा संस्थांत पुण्यतिथ्या, गुरुपौर्णिमा, शिष्यांच्या मैफली चालू असतात. बऱ्याच मोफत. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात सुरुवातीला छोटी मुलं येतात, तेवढं सोसा. उत्तरार्धात गुरूचा पट्टशिष्य बसतो आणि समोर सगळे जाणकार असल्याने तो चोख तयारी करून आलेला असतो.

चित्रप्रदर्शनांना जायला लोक बिचकतात, "आपल्याला काय कळतंय" म्हणून. बालगंधर्वच्याच आवारात कलादालन आहे आणि घोले रस्त्यावर राजा रविवर्मा कलादालन. दोन्ही ठिकाणी प्रदर्शनं थोडेच दिवस असतात, म्हणून इथेही सवय लावायची ती दारात डोकावण्याची. नाटकाला अर्धा तास आधी पोचलात की एक फेरी होते. उद्घाटनाची संध्याकाळ टाळा, भाषणांत चित्रं दिसत नाहीत. आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा. दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही आणि मागे चित्रकार स्वतः बसलेला असतो, बहुधा कंटाळलेला. "याचा अर्थ काय?" हे विचारू नका, तो प्रश्न त्याला दिवसभर पडत असतो. कागद कुठला, रंग ओला असताना केलं की वाळल्यावर, किती वेळ लागला, हे विचारा. जलरंगातला माणूस असेल तर उठून चित्रापाशी येतो आणि कुठे कागद मोकळा सोडलाय ते बोटाने दाखवतो. चौकटीखाली लाल टिकली असेल तर ते विकलं गेलंय. किमतीची यादी मागायला लाजू नका, विकत घ्यायचं नसलं तरी. प्रात्यक्षिक ठेवलेलं असेल तर मात्र काहीही करून जा. कोरा कागद भरताना बघण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

गणपतीत पेठांमधले जिवंत देखावे बघा. संवाद आधी मुद्रित केलेले, मंडळाची पोरं त्यावर ओठ हलवतात. शिवाजी महाराजांपासून हुंड्यापर्यंत काहीही विषय असतो. दर अर्ध्या तासाने तोच प्रयोग. तिथली प्रकाशयोजना बघून मी कपाळाला हात लावतो आणि तरी दरवर्षी थांबतो.

नोव्हेंबरपासून भरतला महाराष्ट्र शासनाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेची पुणे केंद्राची फेरी असते. रोज एक पूर्ण नाटक, तिकीट नाममात्र, सभागृह अर्धं रिकामं. बँकेत, शाळेत नोकरी करून तालमी केलेले लोक असतात. तारखा भरतच्याच बाहेरच्या फलकावर लागतात. मुलांना घेऊन जायचं असेल तर दिवाळी आणि मे महिन्यात बालनाट्यं लागतात, सकाळी किंवा दुपारी. तिथे मात्र पहिली रांगच घ्या.